पुस्तकाचं वाण

दैवशालानं कुणाचं बोलणं पहिल्या झटक्यात खरं मानलं, असं गावात कुणाला आठवत नाही. दूधवाला म्हणाला, "ताई, आत्ताच्या धारेचं हाय," की ती थेंब नखावर घेऊन नख उभं धरायची. मेथीची जुडी वरून हिरवीगार दिसली की हिचा हात थेट तळाशी. सून हसत हसत घरात आली की हिचा पहिला प्रश्न, "काय झालं?" सून गप्प बसली तरी तोच प्रश्न.

ही खोड जन्माची नव्हती. नवरा जगन्नाथ गावातल्या शाळेत कारकून होता. काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत तो गेला, तेव्हा दैवशाला एकोणतीस वर्षांची होती, पोरगं पाच वर्षांचं. दहाव्याला आलेला दीर जाताना जगन्नाथची मोटारसायकल घेऊन गेला. "पडून पडून खराब होईल वहिनी. मी चालवत ठेवतो." चुलत जावेनं तेराव्याला तांब्याचं घंगाळ नेलं, पाव्हण्यांना पाणी कमी पडतंय म्हणून. मोटारसायकल आली नाही, घंगाळ आलं नाही. माणसं मात्र येत राहिली, "काही लागलं तर सांगा" म्हणत. पुढं पुढं कुणी तसं म्हटलं की ती आधी आतल्या खोलीला कडी लावायची.

शाळेनं तिला अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून घेतलं. जालन्याला जाऊन-येऊन तिनं कोर्सही केला. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अलीकडच्या त्या गावातल्या शाळेत तीन लोखंडी कपाटं आणि तेराशे बारा पुस्तकं तिच्या ताब्यात आली. बावीस वर्षांत त्यातलं एकही हरवलं नाही. हरवणार कसं? वाचनाच्या तासाला पोरांनी आधी हात दाखवायचे, पालथे आणि उताणे. मग बाकावर बसून वाचायचं. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी पुस्तक परत. दैवशाला ते हातात घेऊन पानं झरझर सोडायची, पत्त्यांसारखी, आणि काही पडतं का बघायची. घरी पुस्तक न्यायचा विषयच नव्हता. "उसनी दिलेली चाळणी आन् घरी नेलेलं पुस्तक," ती म्हणायची, "आलंच परत तर भोकं वाढवून येतं."

पोरांना मोठ्या माणसाचं आयुष्य ठाऊक नसतं. त्यांना तिचा फक्त किल्ल्यांचा जुडगा माहीत होता.

यंदा मात्र दैवशालाचं काही तरी होणार होतं. शाळेचा पट वाढला होता आणि हेडसरांनी, म्हणजे धर्मराज सरांनी, तिला पूर्णवेळ करायचा प्रस्ताव पाठवला होता. तो पुढं सरकायच्या आधी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक साहेब ग्रंथालयाची पडताळणी करायला येणार होते. पुस्तकं बराबर भरली तर शिफारस. नाही भरली तर निवृत्त होईपर्यंत अर्धवेळच. बावीस वर्षं एकही पुस्तक न हरवणाऱ्या बाईला भीती वाटायचं कारण नव्हतं.

कारण डिसेंबरात एसटीनं आलं. त्याचं नाव शरयू.

शरयू मॅडम जुन्या जालन्यातल्या. रोज जाऊन-येऊन करायच्या. मराठी शिकवायच्या आणि कुठल्याही गोष्टीला "किती छान!" म्हणायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाटाच्या काचेवर नाक टेकवून विचारलं, "ही पुस्तकं मुलं घरी नेतात?"

"घरी कशाला? शाळा हाय ना इथं."

"अहो, पण घरी वाचलं तर आई वाचेल, आजी वाचेल. आई वाचताना दिसली की मूल आपोआप वाचतं."

आपोआप होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर दैवशालाचा भरवसा नव्हता. त्यात दोनच दिवसांपूर्वी स्टाफरूममध्ये चहा पिताना शरयू मॅडम सहज बोलून गेल्या होत्या, "माझी नणंदसुद्धा ग्रंथपालाचा कोर्स करून घरी बसलीये. इकडं कुठं जागा निघतेय का बघत होते." सगळ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दैवशालानं ऐकलं आणि ठेवून घेतलं.

संक्रांतीनंतर शाळेत मातांचा मेळावा ठरला. शरयू मॅडमनी हेडसरांना गाठलं. हळदी-कुंकू करू, आणि यंदा प्लॅस्टिकच्या वाट्या न देता प्रत्येक आईला ग्रंथालयातलं एक पुस्तक देऊ. वाचून महाशिवरात्रीपर्यंत परत. धर्मराज सरांना वाट्यांचा खर्च वाचला हेच पुष्कळ होतं. ते म्हणाले, "होऊन जाऊ द्या."

"मी देणार न्हाई," दैवशाला म्हणाली. "तुम्ही नेताय, तुम्ही सही करा. एक्केचाळीस पुस्तकं."

शरयू मॅडमनी सही केली. न मोजता. न मोजता सही करणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर पुढं काय होणार ते त्याला ठाऊक असतं.

मेळाव्याच्या दिवशी दैवशाला ग्रंथालयाचं दार लोटून आत बसली. "येऊ नका" असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. कुणी म्हणावं लागत नाही. शरयू मॅडम तर दारात येऊन "तुम्ही पण चला ना!" म्हणून गेल्या. ही बाई खरंच इतकी कोरी आहे की मुद्दाम खिजवतेय, याचा दैवशाला पुष्कळ वेळ विचार करत राहिली. मैदानातून भोंग्यावर उखाणे ऐकू येत होते, हसण्याच्या लाटा येत होत्या. संध्याकाळी रिकामी टोपली परत आली. तिच्यात चार हलव्याचे दाणे होते.

महाशिवरात्र झाली. एकही पुस्तक आलं नाही.

दहा आली असती, वीस आली असती, तरी दैवशालानं समजून घेतलं असतं. एकही नाही? एक्केचाळीस बायकांना एकाच वेळी विसर पडत नसतो. कुणी तरी पढवलेलं असणार.

ती यादी घेऊन गावात निघाली. पहिल्या घरी ट्रॅक्टरवाल्याची बायको म्हणाली, "पुस्तक व्हय? लेक घेऊन गेली की जालन्याला." लेक मागच्या खोलीत मोबाईल बघत बसलेली दैवशालाला दिसत होती. दुसऱ्या घरी पुस्तक "इथंच कुठं तरी ठिवल्तं बाई, सापडना गेलंय". तिसऱ्या घरी पाव्हण्यांनी नेलं होतं. चौथ्या घरी कुलूप होतं, पण कुलूप आतून लावलेलं होतं.

खोटं बोलणारी माणसं तिला नवी नव्हती. तिला खटकला तो चहा. प्रत्येक घरी तिला बळंच बसवलं गेलं. चहा, बशीत शेव, "अजून घ्या, घ्या की." आणि कुणीच डोळ्याला डोळा देईना. चोर चहा पाजत नाही. पाजलाच तर साखर हात आखडून. इथं तर कपाच्या तळाशी साखर उरत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शरयू मॅडमना व्हरांड्यात अडवलं.

"एक बी पुस्तक न्हाई आलं."

"वाचत असतील हो!"

"एक्केचाळीसजणी? एकदम?" दैवशाला जवळ सरकली. "मॅडम, तुमच्या नणंदेचं कुठं जमलं का?"

शरयू मॅडमचा चेहरा उतरला. त्या "नाही अजून" असं काहीसं पुटपुटल्या आणि तास आहे म्हणून निघून गेल्या. तास नव्हता. वेळापत्रक दैवशालाला पाठ होतं.

म्हणजे खरंच होतं. पुस्तकं गायब, पडताळणीत दैवशाला नापास, प्रस्ताव बारगळला, वर्षभरानं नणंदबाई हजर. एवढी सरळ रेघ तिनं आजवर कुठल्या पोराच्या भूमितीच्या वहीत पाहिली नव्हती.

साहेब यायला पंधरा दिवस उरले होते. ती बेबीनंदाच्या घरी गेली. बेबीनंदाची तृप्ती आठवीत होती. बेबीनंदा मेळाव्यात पुढं पुढं करत होती असं तिच्या कानावर होतं. घरी बेबीनंदा नव्हती, हरभरा काढायला गेल्ती. ओट्यावर तिची सासू सोनूबाई तुरी पाखडत बसली होती.

"पुस्तकासाठी आलीस ना गं दैवशाला?" सोनूबाईनं सूप खाली ठेवलं. "ते काय, आत हाय."

दैवशाला थबकली. इतक्या सरळ उत्तराची तिला सवय नव्हती. ती आत डोकावली. देव्हाऱ्यात, सुगडाशेजारी, पुस्तक उभं ठेवलेलं होतं. कव्हरवर हळद आणि कुंकू. बोटं टेकवल्याचे ठळक ठसे.

"अगं बया! शाळेच्या पुस्तकावर कुंकू?" तिचा हात पुढं गेला.

"थांब. नको हात लावूस."

दैवशालानं वळून पाहिलं.

"वाण हाय ते," सोनूबाई म्हणाली. "वाण परत देत असतेत का?"

"मावशी, शाळेचं पुस्तक हाय. वाचून परत द्यायचं होतं. मॅडमनी तसं सांगितलंय सगळ्यांना."

"सांगितलं असंल. पर त्या जालन्याच्या बाईनं हळदी-कुंकू लावून वटीत घातलं ना? मंग ते वाण झालं. सवाष्णीनं घेतलेलं वाण माघारी दिलं म्हंजी काय दिलं माघारी, तूच सांग. आन् द्यायचं तर कुणाच्या हातात? तुझ्या?" सोनूबाईनं तुरीतला एक खडा वेचून अंगणात फेकला. "तुझ्या-माझ्या हातात कोन देतं बाई वाण? गावातल्या बायका तुझ्या तोंडावर कशा म्हनतील हे? खोटं बोलून राह्यल्या बिचाऱ्या. चहा पाजून राह्यल्या. माझं बी कपाळ मोकळं, म्हनून मी बोलते."

दैवशाला उंबऱ्यावर बसली. कट नव्हता. कट नव्हता हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला वाटलं नाही. कटाशी भांडता येतं. एक्केचाळीस घरांत गोड चहा पाजून आपल्याला सांभाळून घेत होते, त्याचं काय करायचं?

सोनूबाईनं तिला बसू दिलं. मग अचानक विचारलं, "बरं, आता आलीच हाईस तर सांग. त्या सातव्या विहिरीत दगड कुणी टाकले गं?"

"कुठल्या विहिरीत?"

"ह्या पुस्तकातल्या! बेबी रोज सांजच्याला देवापुढून उचलती, हात धुऊन वाचून दाखविती, आन् पुन्हा ठिवती. सहा विहिरी कोरड्या जातेत त्या गड्याच्या. सातवीला पानी लागतं, आन् दुसऱ्या दिवशी बघतेत तर विहीर दगडानं भरलेली. कुणी केलं ते लिव्हलंच न्हाई."

"शेवटी लिहिलं असेल."

"न्हाई लिव्हलं. दोनदा वाचलं बेबीनं. तुझ्या कपाटातलं हाय ना? तुला म्हाईत असंल."

दैवशालाला माहीत नव्हतं. तेराशे बारा पुस्तकांचे नंबर, कुठल्याचा पुठ्ठा सैल आहे, कुठल्याला वाळवी लागलेली आहे, सगळं तिला माहीत होतं. आत काय आहे ते नव्हतं.

"बावीस साल राखण केली," सोनूबाई पुन्हा सूप उचलत म्हणाली, "आन् कशाची ते बघितलंच न्हाई व्हय?"

'सातवी विहीर'ची दुसरी प्रत कपाटात होती. दैवशालानं ती पिशवीत घातली ती वाचायला नव्हे, तपासायला. गोष्ट सांगणाऱ्यानं मुख्य गोष्टच सांगायची नाही, असं कुठं असतं का? या सासवा-सुनांनी शेवटची पानं फाडली असणार, किंवा वाचलंच नसणार आणि आपल्याला बनवत असणार. रविवारी दुपारी ती पलंगावर बसून शेवटचं पान काढून बसली. तिथं खरंच काही नव्हतं. मग आधीचं पान. मग त्याच्या आधीचं. असं उलटं उलटं वाचून काही लागेना, तेव्हा तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली.

चार वाजता सून दारात आली. सासू पुस्तकात तोंड घालून बसलेली. चहाची वेळ टळून गेलेली. सून घाबरून म्हणाली, "आई, काय झालं?"

"गप. मुकादम खोटं बोलतोय."

संध्याकाळपर्यंत पुस्तक संपलं. दगड कुणी टाकले ते लिहिलेलं नव्हतं. पण दैवशालाला कळलं होतं. लेखकाला वाटलं असेल आपण लपवलं, पण तिच्यापासून असं काही लपत नव्हतं. विहीर खोदणाऱ्याचा सख्खा मेव्हणा, जो पहिल्या पानापासून "काही लागलं तर सांगा दाजी" म्हणत होता, तोच. असल्या माणसाला ती पुरतं ओळखून होती.

सोमवारी बेबीनंदा तृप्तीचा विसरलेला डबा द्यायला शाळेत आली आणि ग्रंथालयाच्या दाराशी घुटमळली. दैवशालानं तिला आत घेतलं.

"मेव्हण्यानं टाकले दगड," तिनं थेट सांगितलं.

बेबीनंदा आधी दचकली. मग तिला कळलं. "छा! मेव्हना कशाला? मुकादमानं. त्याची मजुरी बंद झाली असती ना पानी लागल्यावर!"

"मुकादम खोटं बोलतो, पण भित्रा हाय. भित्रा माणूस एवढे दगड उचलत न्हाई."

"मेव्हना किती गोड बोलतो हो!"

"म्हणूनच."

दोघी तासभर भांडल्या. शेवटी बेबीनंदा कपाटाकडं बघत म्हणाली, "ताई, दुसरं द्या ना एखादं."

"पहिलं आणा."

बेबीनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मग म्हणाली, "सासू म्हनत होती... संक्रांतीला आपून सुगड देतो तवा सुगड घेतो बी. तसंच परत न्हाई देता येत, पर वाणाला वाण चालतं. बदलून."

दैवशालानं तिच्याकडं निरखून पाहिलं. दया आहे का? शरयू मॅडमनी शिकवून पाठवलंय का? पण बेबीनंदाचे डोळे कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरून फिरत होते, भाजीवालीच्या पाटीवरून फिरावेत तसे. त्यात दया-बिया बिलकुल नव्हती. तिला पुस्तक हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदानं कुंकवाचं पुस्तक आणलं. तिनं ते दैवशालाच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. दैवशालानं ते पाहिलं. दुसरं पुस्तक मात्र तिनं दैवशालाच्या हातातून घेतलं. दैवशालानं तेही पाहिलं.

बातमी गावात पसरली. बायका येऊ लागल्या. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोची लेक जालन्याहून एकदम परत आली, पाव्हण्यांनी नेलेलं पुस्तक पाव्हण्यांनी आणून दिलं, आतून लागलेलं कुलूप उघडलं. सगळ्या टेबलावर ठेवायच्या. पाचव्या दिवशी एकीनं सरळ हातात दिलं, बहुतेक विसरून. बेबीनंदा तर मधलं पुस्तक चार दिवसांत संपवून पुन्हा 'सातवी विहीर'च घेऊन गेली. सासूबाईंना पुरावा पाहिजे होता.

फक्त एक अडचण होती. एक पुस्तक आलं की एक जायचं. रोज पुस्तकं येत होती आणि रोज एक्केचाळीस बाहेरच होती. साहेब यायला चार दिवस राहिले तरी एक्केचाळीस.

यावर मार्ग शरयू मॅडमनी काढला. "हरवलं आणि वाचायला दिलं यात फरक आहे ना? मुलांच्या नावानं कार्डं करू. नियमात बसतं."

कार्डं करायला दोघी बसल्या. आठ-दहा कार्डं झाल्यावर शरयू मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "नणंदेसाठी मी विचारलं होतं सरांना. खरंय ते. तुमचा प्रस्ताव आहे हे कळल्यावर तिला सांगितलं, दुसरीकडं बघ."

"कधी कळलं?"

"तुम्ही व्हरांड्यात विचारलंत, त्याच्या आदल्या दिवशी."

दैवशालानं पुढचं कार्ड ओढलं. संशय अर्धा तरी बराबर निघाला, याचं तिला जरा समाधान वाटलं.

साहेब आले. किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कमी. त्यांनी कपाटातलं एकेक पुस्तक स्वतः मोजलं. बाराशे एकाहत्तर. मग कार्डं हातात घेतली.

"एक्केचाळीस वाचकांकडं. मागच्या वर्षी या दिवसांत किती बाहेर होती?"

"एकही नाही," दैवशाला म्हणाली.

"त्याच्या मागच्या वर्षी?"

"एकही नाही."

"बावीस वर्षांत एकही नाही. आणि मी यायच्या चार दिवस आधी एक्केचाळीस कार्डं." साहेबांनी एक कार्ड उजेडात तिरकं धरलं. "सगळ्यांवर एकाच पेनची शाई."

धर्मराज सर कपाळ पुसू लागले. शरयू मॅडम "सर, खरं तर" म्हणून पुढं झाल्या आणि तिथंच थांबल्या. दैवशालाला मात्र त्या माणसाचा राग येईना. त्याच्या जागी ती असती तर तिनं हेच विचारलं असतं. वर कार्डाला ओला हात लावून शाई पसरते का तेही बघितलं असतं.

"दाखवते," ती म्हणाली. "चला गावात."

सगळ्यात जवळ बेबीनंदाचं घर. साहेब, हेडसर, शरयू मॅडम आणि दैवशाला, असं चौघांचं टोळकं अंगणात शिरलं. बेबीनंदा बाहेर आली. साहेबांचा चष्मा आणि हातातले कागद पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला.

"शाळेचं पुस्तक आहे का तुमच्याकडं?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तक?" बेबीनंदा म्हणाली. "न्हाई बा. आमच्यात कोन वाचून राह्यलंय? बसा ना, चहा टाकते."

साहेबांनी दैवशालाकडं पाहिलं. बावीस वर्षं तिनं पोरांकडं जसं पाहिलं होतं, अगदी तसं.

धर्मराज सर घाईनं म्हणाले, "अगं खरं सांग, हे साहेब आहेत!" त्यावर बेबीनंदा आणखीच आखडली. "खरंच न्हाई सर." कागद घेऊन आलेल्या माणसाला घरातली कुठलीच वस्तू आहे म्हणून सांगायची नसते, एवढं तिला सासरी-माहेरी दोन्हीकडं शिकवलेलं होतं. आणि तिचं पुस्तक चाळीस पानं राहिलं होतं.

शपथा घालून उपयोग नव्हता हे दैवशालाला समजलं. ती वळून साहेबांना सांगितल्यासारखं, पण मोठ्यानं म्हणाली, "जाऊ द्या साहेब. तसं बी दगड मेव्हण्यानंच टाकलेत. आता वादच उरला न्हाई."

बेबीनंदाचा पदर खांद्यावर आला.

"आता गं बया! मेव्हना त्या दिवशी बाजारला गेल्ता! पानावर लिव्हलंय तसं!"

"गेल्तो असं तो म्हणतो. कुणी बघितलं बाजारात?"

"लिव्हलंय म्हनते ना मी!" बेबीनंदा तरातरा आत गेली. आतून सोनूबाईचा आवाज आला, "दाव, दाव तिला! नव्वदाव्या पानाला हाय!" बेबीनंदा पुस्तक उघडूनच घेऊन आली, बोट ओळीवर ठेवून, आणि रागाच्या भरात ते दैवशालाला न देता थेट साहेबांच्या नाकापुढं धरलं. "तुम्हीच वाचा साहेब. शिकलेले हाव तुम्ही."

साहेबांनी आधी शिक्का पाहिला. मग नंबर, हातातल्या कार्डाशी ताडून. मग कव्हरवरचं कुंकू. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नव्वदावं पान उभ्यानं वाचलं.

"हे मेव्हणा स्वतः सांगतोय," ते म्हणाले. "साक्षीदार नाही."

"बघा!" दैवशाला म्हणाली.

"पण त्यानं काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले. "दुसरं घर दाखवा."

दुसऱ्या घरीही आधी "न्हाई" झालं आणि मग पुस्तक निघालं. तिसऱ्या घरी पुस्तक उशीखालून आलं. चौथ्या घरची बाई पुस्तक नाही म्हणताना मागं लपवून उभी होती. साहेबांनी आठ घरं केली. पहिलं सोडून बाकीची सात मधूनच कुठलीही निवडून, यादीतल्या क्रमानं नव्हे. हे त्यांनी मुद्दाम केलं, आणि ते दैवशालाला आवडलं.

शेवटी शाळेच्या फाटकाशी, हेडसरांच्या गाडीच्या सीटवर कागद ठेवून साहेबांनी शेरा लिहिला. धर्मराज सरांनी वाकून वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला. "झालं की हो! 'पुस्तके वाचकांकडे प्रत्यक्ष आढळली, ग्रंथालय वापरात आहे, पूर्णवेळ पदाची शिफारस.' अभिनंदन, दैवशालाबाई!" शरयू मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि "किती छान!" म्हणाल्या.

दैवशालानं सीटवरचा कागद उचलला. स्वतः वाचला. पहिल्या ओळीपासून, बोट फिरवत. मग पुन्हा एकदा.

"साहेब," ती म्हणाली, "तारीख राहिली."

साहेबांनी खिशातलं पेन पुन्हा काढलं आणि तारीख घातली.

"आन् नाव पूर्ण लिहा सहीखाली. वाचता येईल असं."